कागद चोख आहेत, मग शंका कसली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न साधारण असा येतो: स्वयंसेवी संस्था नोंदलेली आहे, दरवर्षी ऑडिट होतं, सरकारनं तपासूनच अनुदान दिलंय, मग तुमची कुरकुर कशाबद्दल? पैसे खाल्ले जातात असं मला म्हणायचंय, अशी बहुतेकांची समजूत असते. काही ठिकाणी ते खाल्ले जातातच, पण ती चोरी निदान पकडता येते. माझा आक्षेप एक पैसाही न खाणाऱ्या संस्थेबद्दलही आहे. अनुदानाच्या वेळापत्रकाला जुंपली गेली की ती कामापेक्षा कागदाला जपू लागते.

समजा, 20 लाख मंजूर झाले, दोन हप्त्यांत. वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि पहिले 10 लाख नोव्हेंबरात येतात. तोवरचे सात महिन्यांचे पगार, भाडं, वीजबिल विश्वस्तांच्या उसनवारीवर नाहीतर थकलेल्या मानधनावर निघतं. पहिल्या हप्त्याची यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, दिल्याशिवाय दुसरा सुटत नाही. तो येतो मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात. मग उरलेल्या दिवसांत 10 लाख खर्ची टाकायचे, नाहीतर अखर्चित रक्कम परत करायची किंवा पुढच्या मंजुरीतून वजा होऊ द्यायची. म्हणून शिबिरं मार्चअखेरीस होतात, स्टेशनरी वर्षभराची एकदम येते आणि बिलांवर मागच्या तारखा पडतात. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 62 वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या खर्चाच्या झुंबडीला वित्तीय शिस्तीचा भंग म्हणतो. तो नियम सरकारी खात्यासाठी आहे. पण उशिरा पैसे सोडणाऱ्या खात्याचं काही बिघडत नाही, आणि खोटी तारीख असते ती संस्थेच्या हिशेबनिसाच्या अक्षरात!

व्याजाचा न्याय याहून मजेशीर आहे. अनुदान बँकेत पडून राहिलं तर त्यावरचं व्याज सरकारजमा करायचं. अनुदान उशिरा आलं म्हणून काढलेल्या कर्जावरचं व्याज मात्र सहसा मान्य खर्चात बसत नाही.

आता यूसीबद्दल. नमुना 12-अ मध्ये आरंभीची शिल्लक, व्याज, मिळालेली रक्कम, खर्च आणि अखेरची शिल्लक असते. फलनिष्पत्तीसाठी परिशिष्टाची सोय आहे, पण ते भरलं जातं आकड्यांनी: शिबिरं इतकी, लाभार्थी इतके. शिबिराला बसलेल्यांपैकी किती जण सहा महिन्यांनी ते काम करत होते, हे कुणी विचारत नाही, म्हणून कुणी मोजतही नाही. सीएची सही खर्च झाल्याची साक्ष देते. खर्चाचा उपयोग झाला की नाही, हे सांगणं तिचं कामच नाही.

संस्थेचा स्वतःचा वाटा हेही एक दुखणं. दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेसारख्या योजनेत सरकार मान्य खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देतं, उरलेलं संस्थेनं उभं करायचं. कल्पना चांगली आहे. समाजातून थोडे तरी पैसे आले तर समाजाचा डोळा राहील. पण असल्या अटींवरची जुनी पळवाट अशी: पगारपत्रकावर पूर्ण रकमेची सही घ्यायची आणि त्यातला काही भाग कर्मचाऱ्याची ‘देणगी’ म्हणून परत घ्यायचा. पावती खरी, खातं खरं, ऑडिटमध्ये सापडण्यासारखं काही नाही. समाजाच्या वाट्याचा भार उचलतो तो संस्थेतला सर्वांत कमी पगाराचा माणूस.

देणगीदारांचंही तसंच. जेम्स अँड्रिओनी आणि अबिगेल पेन या अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या हजारो संस्थांचे हिशेब तपासले, तेव्हा अनुदान आल्यावर देणग्या त्याच्या सुमारे 75 टक्के इतक्या घटल्याचं दिसलं. देणारे आटले म्हणून नव्हे, संस्थांनी मागणंच कमी केलं म्हणून. पुढे अनुदान थांबलं की मागायची सवयही गेलेली असते. शिवाय ज्या खात्याकडे फाइल अडकलीय त्याच्याविरुद्ध मोर्चा कोण काढणार? धमकी द्यावी लागत नाही, हप्ता लांबवला की पुरतं.

म्हणून अनुदानं सरसकट बंद करा, या मताचा मी नाही. बहुविकलांग मुलांच्या शाळेला देणगीदार मिळणं फार कठीण, तिथे पैसा सरकारनंच द्यावा. पण मग सेवा विकत घेतल्यासारखा द्यावा: प्रति मूल दर ठरवून, दर महिन्याला. जनजागृती, सक्षमीकरण असल्या मोघम शीर्षांखालची अनुदानं मात्र मी पहिल्यांदा तपासेन.

तपासायचं कसं, तेही सांगतो. महाराष्ट्रात नोंदलेल्या ट्रस्टच्या उत्पन्न-खर्च पत्रकात, म्हणजे अनुसूची नऊमध्ये, देणग्या आणि अनुदान वेगळ्या ओळींत असतात. तीन वर्षांची पत्रकं शेजारी ठेवा आणि अनुदान वाढताना देणग्या घटतायत का ते पाहा. अनुदान 25 लाखांहून कमी नसेल आणि एकूण खर्चाच्या 75 टक्क्यांहूनही कमी नसेल, तर कॅग, म्हणजे देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, त्यांच्यासाठीच्या 1971 च्या कायद्याच्या कलम 14 खाली हिशेब तपासू शकतात. सरकारच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्था माहिती अधिकाराखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट केलंय. तरी अर्ज संस्थेकडे न करता खात्याकडे करा. मंजुरी आदेश, यूसी आणि तपासणी अहवाल, तिन्ही मागा. हातात आले की आधी तारखा पाहा: हप्ता संस्थेच्या बँक खात्यात जमा झाल्याची, शेवटच्या बिलाची आणि तपासणीला कुणी आलं त्या दिवसाची. तपासणी मंजुरीआधी एकदाच झालेली असेल आणि यूसी शेवटच्या बिलाच्या आधीची असेल, तर बाकीची पानं नंतर वाचली तरी चालतील.