गिटार सेटअपची टूल्स: आठ महिन्यांत काय वापरलं, काय पडून आहे

मागे म्हणालो होतो की टूल्सचं वेगळं लिहितो, ते राहूनच गेलं. आता थोडं बोलण्यासारखं झालंय म्हणून टाकतोय. माझ्याकडे दोन गिटार आहेत, एक स्ट्रॅट टाइप इलेक्ट्रिक आणि एक स्टील स्ट्रिंगवाली अ‍ॅकूस्टिक, आणि साधारण आठ महिने झाले दोन्हींचं सेटअप (म्हणजे नेकचा बाक, तारांची उंची वगैरे जुळवणं) मीच करतोय.

सुरुवात सगळ्यांसारखीच झाली, म्हणजे चेनवाल्या पाऊचमधला एक भलामोठा रेडिमेड किट घेतला. त्यातलं आज काय वापरतो तर स्ट्रिंग वाइंडर, तार कापायचा कटर आणि पाऊच. पाऊच खरंच चांगला आहे. बाकी त्यातल्या स्टीलच्या पट्टीवर शून्याची रेघ कडेपासून दीड-दोन मिलिमीटर आत होती, म्हणजे फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) उभी धरून अ‍ॅक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, मोजायला शून्य उपयोग, आणि मी महिनाभर त्याच पट्टीने मोजून "माझी अ‍ॅक्शन किती लो आहे बघा" म्हणून खूश होतो. रेडियस गेजचा (फ्रेटबोर्डची गोलाई तपासायचे साचे) गुच्छ अजून प्लास्टिकमध्येच आहे. कधीतरी लागेल, पण पहिल्या दिवशी नक्कीच लागत नाही.

अ‍ॅलन कीचं (षटकोनी तोंडाची की) जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मी जवळजवळ वाट लावली होती. अ‍ॅकूस्टिकचा ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळी) साउंडहोलमधून आत आहे, ५ मिमीची की लागते. किटमधली ५ मिमीची एवढी आखूड की बोटं आत घातली तरी पोचत नाही. मग घरातल्या जुन्या सेटमधली एक लांब की मिळाली, बसली पण, फिरवली आणि कट्‌ करून सटकली. नंतर बघतो तर ती ३/१६ इंचाची, म्हणजे ४.७६ मिमी. पाव मिलिमीटरचा फरक, पण षटकोनाचे कोपरे घासायला तेवढा पुरतो. माझं नशीब की एकदाच सटकली. रॉडचा नट (जिथे की बसते तो) आतून गोल झाला की मग आपलं काम संपलं, ते टेक्निशियनकडेच जातं आणि तोही तोंड वाकडं करतो. तेव्हा की घालून हलवून बघायची, जरा जरी लूज वाटली तरी जोर लावायचा नाही. सगळ्या मापांत सारखा फरक नसतो, ५/३२ इंच म्हणजे ३.९७ मिमी, ते ४ च्या जागी खपून जातं, पण १/८ इंच म्हणजे ३.१७५, तिथे ३ मिमीची की घातली तर खेळतेच. इलेक्ट्रिकच्या सॅडलचे (बॉडीवर तार जिच्यावर टेकते ती) बारीक स्क्रू माझ्याकडे दीड मिमीचे आहेत, अमेरिकन फेंडरवर बहुतेक वेळा ०.०५० इंचाची की लागते. म्हणून ४०-५० तुकड्यांच्या किटपेक्षा आपल्या गिटारला लागणाऱ्या दोन-तीनच की घ्या, पण कडक पोलादाच्या घ्या, आणि अ‍ॅकूस्टिकसाठी लांब दांड्याची. रॉड फिरवताना एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. घड्याळाच्या दिशेने घट्ट केलं की नेक सरळ होते, उलट फिरवलं की बाक वाढतो. जड जात असेल तर आधी तारा सैल करायच्या.

मला विचाराल तर सगळ्यात वसूल झालेली वस्तू म्हणजे फीलर गेज, बारीक फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्या. नेकला किती बाक आहे ते मी त्याने मोजतो. गिटारवाला वेगळा घ्यायची काही गरज नाही, गाडीच्या टॅपेट सेटिंगला वापरतात तोच पात्यांचा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, जिथे नेक बॉडीला मिळते तिथे जाड ई दाबायची (अ‍ॅकूस्टिकवर १४वा, इलेक्ट्रिकवर १७व्याच्या आसपास) आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली पातं सरकवायचं. मी इलेक्ट्रिकला ०.२५ मिमी ठेवतो, ०.२ ते ०.३ मध्ये कुठेही असलं तरी चालतं. पातं सरकवताना तार वर उचलली गेली तर ते पातं जाड आहे, मला हे कळायला दोन संध्याकाळी गेल्या. आणि गेज नसेल तर एक भारी जुगाड आहे, .०१० ची पातळ ई तार बदलताना कापलेला तुकडा ठेवून द्यायचा, ती तार म्हणजेच ०.०१० इंच म्हणजे ०.२५ मिमी! फुकटातलं फीलर गेज प्रत्येकाच्या केसमध्ये पडलेलं असतं.

पट्टी मग नवीन घेतली, शून्य कडेपासून सुरू होणारी आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची. बाराव्या फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं. सध्या इलेक्ट्रिक जाड ईला २.० आणि पातळ ईला १.६, अ‍ॅकूस्टिक २.५ आणि २.०. अ‍ॅकूस्टिकवर एक हिशोब लक्षात ठेवा, बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर येतो म्हणून तिथे अर्धा मिमी कमी करायचा तर सॅडल एक मिमी घासावी लागते. मी पहिल्यांदा अर्धाच घासला आणि काहीच फरक का नाही म्हणून वैतागलो (उलट चुकलो असतो तर नवीन सॅडल आणावी लागली असती, त्यामुळे तक्रार नाही). घासायला काचेच्या तुकड्यावर डबल टेपने सँडपेपर चिकटवला, कारण सॅडलचा तळ सपाट राहिला पाहिजे, खाली पिकअप (आवाज पकडणारा भाग) असेल तर जास्तच, नाहीतर एखादी तार मुकी वाजते.

अ‍ॅकूस्टिकवाल्यांनी हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा) पण टूल्समध्येच धरा. हवा दमट झाली की टॉप (बॉडीची पुढची फळी) फुगतो आणि अ‍ॅक्शन वर जाते, कोरडी झाली की टॉप बसतो आणि फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागतात. मी एकदा असंच रॉड फिरवत बसलो होतो आणि दोष हवेचा होता. ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न करतो.

ट्यूनरचं थोडक्यात. क्लिपवाला वाजवायला ठीक आहे, इंटोनेशनला (नेकवर वरपर्यंत सूर बरोबर लागावा म्हणून सॅडल जुळवणं) जरा बारीक दाखवणारा हवा, मी स्ट्रोब टाइप अ‍ॅप वापरतो. बाराव्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून वाजवलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळवायचे, दाबलेला वर जात असेल तर सॅडल मागे, खाली असेल तर पुढे. हे सगळ्यात शेवटी करायचं आणि नव्या तारांवर, जुन्या तारांवर केलेलं इंटोनेशन म्हणजे नुसता टाइमपास.

आता नट, रॉडचा नाही, हेडस्टॉककडची तारांच्या खाचांची पट्टी. इथे मी शहाणपणा केला. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघतात, ती कागदाएवढी म्हणजे जेमतेम दिसेल इतकीच हवी, माझ्या जी तारेखाली चांगली मोठी दिसत होती. म्हणूनच एफ कॉर्ड कायम बेसूर, आणि मी इतके दिवस बोटांना दोष देत होतो. साधी सुईसारखी त्रिकोणी कानस होती तीच घेतली आणि घासलं. खाच झाली व्ही आकाराची, ट्यून करताना तार अडकून टिंग टिंग करायला लागली, मग ती रुंद करायच्या नादात खोल गेली आणि मोकळी जी बझ, म्हणजे फ्रेटला लागून खरखर. गेला नट. पण नाही गेला, खाचेत खायच्या सोड्याची चिमूट दाबून भरली, वरून सुपरग्लूचा एक थेंब, क्षणात दगड होतो. आजूबाजूला मास्किंग टेप लावायला विसरू नका, ग्लू फ्रेटबोर्डवर ओघळला तर ते दुःख वेगळंच. मग एका मित्राकडून गेजच्या कानशी (तारेच्या जाडीप्रमाणे मापाच्या) उसन्या आणल्या. .०१० च्या सेटला पूर्ण हव्या तर १०, १३, १७, २६, ३६, ४६ अशा सहा होतात, पण तीनातही भागतं, कानस हलकी डोलवली की खाच थोडी रुंद होते. उतार हेडस्टॉककडे ठेवायचा म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरच टेकते. दोन-तीन वेळा घासायचं, तार बसवून बघायचं, परत घासायचं. सोड्याचा भराव अजून टिकून आहे पण हाडाएवढा कडक नाही, कधीतरी नट बदलावाच लागेल. म्हणून सांगतो, मोजायची टूल्स आधी घ्या, कानशी खूप नंतर, पट्टीने कुठलीच गिटार बिघडत नाही.

फ्रेट पॉलिशला ०००० स्टील वूल (लोखंडाची अगदी बारीक लोकर) वापरली आणि पस्तावलो, तिचा भुगा पिकअपच्या मॅग्नेटला चिकटतो, पिकअप झाकून सुद्धा थोडा गेलाच. आता पॉलिशिंगचे रबर वापरतो.

सध्याचं प्रकरण: इलेक्ट्रिकवर १३व्या फ्रेटला बेंड मारला (तार बाजूला ओढली) की सूर मरतो. फ्रेट रॉकर (उंच फ्रेट शोधायची सरळ कडेची पट्टी) नाहीये, म्हणून एका बाद झालेल्या प्लास्टिक कार्डाची सरळ कड तीन-तीन फ्रेटवर ठेवत गेलो, आणि १३-१४-१५ वर कार्ड टकटक डुलतंय, म्हणजे १४वा उंच आहे. फ्रेट खाचेतून वर आलाय की मुळातच उंच आहे हे अजून कळलेलं नाही. वर आला असेल तर प्लास्टिक तोंडाच्या हातोडीने ठोकून बसेल, नाहीतर क्राउनिंग फाइल (फ्रेटचं डोकं गोल करायची कानस) लागेल आणि ती उसनी मिळतेय का बघतोय. तारा पुढच्या आठवड्यात काढणार आहे, तोपर्यंत कोणी ठोकून बसवलाय का असा फ्रेट, नंतर परत वर येतो का?