जाम बुलेट सोडवताना: आधी किकवरून पाय काढा

कास्ट आयर्न इंजिनची जुनी बुलेट ३५० वर्षानुवर्षं उभी असली की बघायला येणारा प्रत्येक जण आधी किकवर उभा राहतो. किक हलली नाही की लगेच पुढचा सल्ला येतो, दुसरा गियर टाका आणि धक्का मारा. आमची गाडी रत्नागिरीजवळ पडवीत पावसाळे काढून जाम झाली, तेव्हा एका गॅरेजवाल्याने हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढून पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवायचा आणि वरून हातोडा मारायचा, असं सुचवलं. ते आठवलं की अजून राग येतो. जाम इंजिनला वेळ द्यावा लागतो, आणि तेवढाच कोणी देत नाही.

इंजिन बंद होताना बऱ्याचदा एखादा वाल्व थोडा उघडा राहतो. तिथून दमट हवा सिलिंडरमध्ये शिरते. सिलिंडर बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, पिस्टनवरच्या रिंगाही बिडाच्या. जिथे रिंगा टेकलेल्या असतात तिथे गंजाचं कडं धरतं. बीड वाकत नाही, तुटतं. धक्का मारून इंजिन सुटलंच, तर तुटलेल्या रिंगचा तुकडा सिलिंडरला वरपासून खालपर्यंत चरा पाडतो आणि मग बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करून, ओव्हरसाइज पिस्टन घालण्यावाचून गत्यंतर राहत नाही. किकवर उड्या मारल्या तर रॅचेटचे, म्हणजे किकच्या दातेरी चकतीचे, दात जातात. हातोड्याचं तर विचारूच नका. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असेल तेव्हा कनेक्टिंग रॉड सरळ उभा असतो. कितीही ठोका, क्रँक फिरणार नाही, सगळा मार बिग एंडवर, म्हणजे रॉडच्या क्रँकला जोडलेल्या टोकावर, बसेल.

म्हणून प्लग काढा आणि टॉर्च मारून आत बघा. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा मिळाला तर उत्तम. डिझेल आणि एटीएफ, म्हणजे पॉवर स्टीअरिंगमध्ये घालतात ते लाल ऑइल, निम्मं निम्मं मिसळून साधारण ४० मिली प्लगच्या भोकातून सोडा. बुलेटचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७० मिमी, त्यामुळे एवढ्याचा पिस्टनवर जेमतेम १ सेंटीमीटर थर होतो. भोकावर कापड दाबून ठेवा आणि गाडीला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी बघा. पातळी उतरली असेल तर मिश्रण रिंगांपर्यंत पोचतंय. पुन्हा तेवढंच घाला. अजिबात उतरली नसेल तरी थांबा. आठवडा लागतो, कधी तीन-चार आठवडेही लागतात. याच दिवसांत लोक कंटाळतात आणि याच दिवसांत इंजिनं मरतात.

हलवून बघायचं ते मेन स्टँडवर, चौथ्या गियरमध्ये, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून. चौथाच गियर अशासाठी की पहिल्या-दुसऱ्यात चाकावर कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. पुढे दाबा, मागे दाबा, झटका नको. चाक किंचित हललं तरी चेन आणि गियरमधला ढिलेपणा वजा करून बघा, तोच फसवतो. खरोखर इंजिन हललं की आनंदाच्या भरात पूर्ण फेरा मारू नका. बोटभर पुढे, बोटभर मागे, पुन्हा थोडं मिश्रण, पुन्हा दुसऱ्या दिवशी. रिंग गंजाच्या कड्यावरून हळूहळू जायला हवी.

महिनाभरानेही ढिम्म राहिलं तर हेड आणि सिलिंडर उतरवा. तिथे हट्ट नको.

एक सांगायचं राहिलं: हे सगळं करण्याआधी टॅपेट कव्हर काढून पुशरॉड, म्हणजे वाल्व उघडणारे दोन दांडे, बघा, आणि इंजिन सुटल्यावर पुन्हा बघा. सुटलेलं इंजिन फिरवताना दोन्ही वरखाली व्हायला हवेत. एखादा सैल लोंबत असेल तर वाल्व त्याच्या गाइडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीतून सरकतो तिच्यात, अडकलाय. तो मोकळा होईपर्यंत इंजिन फिरवायचं नाही. थंड इंजिनवर पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली खेळ नसावा, इतकंच ॲडजस्टमेंट.

पिस्टनवर उरलेलं मिश्रण सिरिंजला नळी लावून ओढून घ्या. प्लग लावून किक मारली तर द्रव दबत नाही, रॉड वाकतो. खाली झिरपलेलं डिझेल ऑइलमध्ये गेलेलं असतं, म्हणून ऑइल बदलायचंच. इथे बुलेटची खोड लक्षात ठेवा. उभ्या गाडीत ऑइल टाकीतलं ऑइल पंपातून क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या खोलीत, उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस वरून ऑइल भरतो आणि इंजिन चालू झाल्यावर ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसची हवा सोडणाऱ्या नळीतून, सगळं बाहेर येतं. ऑइल टाकी आणि क्रँककेस, दोन्हींचे ड्रेन नट उघडा. नवं २०डब्ल्यू५० भरा, फिल्टर बदला आणि फिल्टरची जागा हाताने ऑइलने भरून मगच झाकण लावा. मग स्विच बंद आणि प्लग बाहेर ठेवून हळू किक मारत राहा. हेडवर रॉकरकडे, म्हणजे वाल्व दाबणाऱ्या भागांकडे, जाणाऱ्या पाइपचा बोल्ट थोडा सैल करा. तिथे ऑइल पाझरलं की रिटर्न पंप चालतोय.

पेट्रोलची टाकी, कार्बोरेटर, पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) ही कामं त्या मानाने सरळ. कार्बोरेटरमधलं बारीक भोकाचं पायलट जेट क्लीनरच्या फवाऱ्याने साफ करा, स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं. पॉइंट पॉलिश पेपरने घासून पेट्रोलच्या कापडाने पुसा, फट ०.३५ ते ०.४० मिमी. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीचं मातीचं घर आहे का, तेही बघा.

पहिल्यांदा चालू करताना टाकीऐवजी बाटलीतून ताजं पेट्रोल द्या. गाडी उघड्यावर, जवळ वाळूची बादली. किक जड लागेपर्यंत दाबा, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून थोडी पुढे सरकवा, सोडा, मग एकच पूर्ण किक. पांढरा-निळा धूर येणार, आत ऑइल आहे. रेस करू नका. मिनिटभराने बंद करून गळती बघा, मग पुन्हा चालू करा. पहिले शंभरेक किलोमीटर हळू चालवून ऑइल पुन्हा बदला. निघालेलं ऑइल गाळून बघितलं की आत किती गंज सुटला ते कळतं.