सुझेट्रिजिन: ४८ तासांची बेरीज आणि एका गुणाचा फरक

३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने सुझेट्रिजिन या गोळीला मान्यता दिली. औषध व्हर्टेक्स कंपनीचं, बाजारातलं नाव जर्नाव्हॅक्स. बातम्यांचा सूर ‘व्यसन न लावणारं वेदनाशामक आलं’ असा होता. त्यात चूक काही नाही. पण ऑपरेशननंतरचं दुखणं या गोळीने किती कमी होतं, हे त्या वाक्यातून कळत नाही. ते चाचणीच्या आकड्यांत आहे, आणि आकडे कागद-पेन घेऊन सोडवावे लागतात.

आधी औषध. जखमेकडून पाठीच्या कण्याकडे दुखण्याचा निरोप नेणाऱ्या तंतूंवर सोडियमचे दरवाजे असतात. त्यातला नॅव्ह १.८ नावाचा प्रकार मुख्यतः या बाहेरच्या तंतूंवरच सापडतो. सुझेट्रिजिन नेमका तोच बंद करतं, म्हणून गुंगी नाही आणि श्वास मंदावण्याची भीती नाही. जागा बधिर करणारं लिग्नोकेनही सोडियमचेच दरवाजे बंद करतं, पण सरसकट, हृदयातलेसुद्धा. म्हणून ते सहसा हवं तिथेच टोचतात. पहिला डोस १०० मिलिग्रॅम, उपाशीपोटी. पुढे दर १२ तासांनी ५०.

मोठ्या चाचण्या दोन झाल्या. एक अ‍ॅब्डोमिनोप्लास्टीवर, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून पोट आवळण्याचं ऑपरेशन. त्यात १,११८ जण. दुसरी बनियनवर, म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं हाड कापून सरळ करणं, त्यात १,०७३. हीच ऑपरेशनं का? कारण माणसं एरवी धडधाकट असतात, काप जवळजवळ सारखाच असतो आणि दुखणं दोन दिवस ठरल्यासारखं टिकतं. एका पोटाचं, एका हाडाचं, अशी मऊ भागाची आणि हाडाची दोन्ही तऱ्हेची वेदना तपासली जाते. अक्कलदाढ काढण्याचं प्रारूपही असंच, पण ते काही तासांच्या औषधासाठी बरं. दुखणं मध्यम ते तीव्र आणि रुग्णाने शून्य ते दहाच्या मापावर सांगितलेला दुखण्याचा गुण किमान ४ असेल तरच चाचणीत घेतात. ज्याचं दुखतच नाही त्याचं काय कमी करणार?

आता मुख्य आकडा, स्पिड-४८. प्रत्येक वेळचा गुण सुरुवातीच्या गुणातून वजा करायचा, त्या फरकाला मधल्या तासांनी गुणायचं आणि ४८ तासांची बेरीज घ्यायची. सुरुवातीला ७ असलेलं दुखणं लगेच ५ वर येऊन तिथेच राहिलं, तर फरक २ आणि बेरीज ९६.

पोटाच्या चाचणीत सुझेट्रिजिनची बेरीज ११८.४ आली, प्लासिबोची, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीची, ७०.१. पायाच्या चाचणीत ९९.९ आणि ७०.६. म्हणजे प्लासिबोवरची आघाडी पोटात सुमारे ४८, पायात सुमारे २९. ४८ तासांनी भागा: पोटात साधारण १ गुण, पायात ०.६. शून्य ते दहाच्या मापावर रुग्णाला जाणवणारा सर्वात लहान फरक ढोबळमानाने १ गुण धरतात. म्हणजे पोटात औषध उंबरठ्यावर आहे आणि पायात त्याच्या अलीकडे. ‘पी’चा आकडा, म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नसताना एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, दोन्हीकडे झकास लहान आहे, पण हजार माणसं घेतली की अर्ध्या गुणाचा फरकही संख्याशास्त्राच्या चाळणीतून पार होतो. प्लासिबो गटाचंही दुखणं सरासरी दीड गुणाने उतरलं, हेही डोळ्यांआड करू नये.

वेगाचा आकडा वॉर्डात जास्त कामाचा. किमान २ गुण कमी व्हायला लागलेला मध्यक वेळ पोटात ११९ मिनिटं, पायात २४० मिनिटं. प्लासिबोला दोन्हीकडे ४८०. कळ निघाल्यावर गोळी दिली तर निम्म्या लोकांना दोन ते चार तास कळ काढावीच लागणार.

प्लासिबो म्हणजे रुग्णाला तडफडत ठेवलं असं नाही. दोन्ही चाचण्यांत मागितल्यास दर ६ तासांनी इबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम मिळत होतं. यातून हिशोबाची एक अडचण उभी राहते: इबुप्रोफेनने उतरलेलं दुखणं चाचणीतल्या गोळीच्या खात्यावर जमा होऊ शकतं. म्हणून जादा गोळी घेण्याआधीचा गुण पुढचे काही तास तसाच धरतात. पेपर वाचताना हा नियम आधी शोधावा. तो बदलला की निकाल हलतो.

आणि तुलना कोणाशी? हायड्रोकोडोन (अफूच्या वर्गातलं वेदनाशामक) ५ मिलिग्रॅम अधिक पॅरासिटामॉल ३२५, दर ६ तासांनी. दिवसाचं पॅरासिटामॉल झालं १,३०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची कमाल मर्यादा ४,००० आहे. प्रतिस्पर्धी असा अर्धपोटी असूनही सुझेट्रिजिन त्याच्यावर सरस ठरलं नाही. पोटात प्रतिस्पर्ध्याची बेरीज १११.८, म्हणजे जवळजवळ बरोबरी, पायात १२०.१, म्हणजे तोच पुढे. तिसऱ्या अभ्यासात २५६ जणांपैकी ८३ टक्क्यांनी औषधाला ‘चांगलं’ किंवा त्याहून वरचा शेरा दिला, पण तिथे तुलनेचा गटच नव्हता. टाके सुकत आले की बहुतेकांना बरं वाटतंच.

सगळ्यात खटकतं ते हे, की जादा गोळी म्हणून ठेवलेल्या इबुप्रोफेनशी समोरासमोर सामना लावलाच नाही. ऑक्सफर्डच्या गटाने दाढ काढण्यासारख्या चाचण्या एकत्र करून एनएनटीचे तक्ते केलेत. एनएनटी म्हणजे दुखणं निम्म्याने कमी झालेला एक जादा रुग्ण मिळवायला किती जणांना औषध द्यावं लागेल तो आकडा. जितका लहान तितकं चांगलं. पॅरासिटामॉल १,००० मिलिग्रॅम ३.६, इबुप्रोफेन ४०० ला २.५, आणि पॅरासिटामॉल १,००० अधिक इबुप्रोफेन ४०० एकत्र १.५. कोडीन (हेही अफूच्या वर्गातलं) ६० एकटं दिलं तर १२! तिकडे सुझेट्रिजिनची एक गोळी २०२५ मध्ये बाजारात आली तेव्हा साडेपंधरा डॉलरला होती. अफूच्या गोळ्यांनी पोळलेल्या अमेरिकेला ती का हवी हे समजतं. आपल्या वॉर्डातला प्रश्न वेगळा आहे: पॅरासिटामॉल घड्याळाप्रमाणे दर ६ तासांनी न देता ‘गरज पडल्यास’ लिहून ठेवलं जातं, आणि रुग्ण रात्री सिस्टरना उठवायला संकोचतो. इबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक लिहिण्याआधी मूत्रपिंड, अल्सर आणि रक्तस्राव बघावा लागतो, हे आलंच.

मोजण्याचाही घोळ आहे. पडून असताना ३ सांगणारा माणूस खोकताना ७ सांगतो, आणि पोटाच्या ऑपरेशननंतर छातीत कफ साठू नये म्हणून खोकावं तर लागतंच. त्यामुळे स्वस्थ पडल्यावरचा गुण आणि खोकतानाचा गुण वेगवेगळे लिहायचे. त्यातून ‘दहापैकी किती?’ हा प्रश्न मराठी कानाला परीक्षेसारखा लागतो. पैकीच्या पैकी म्हणजे उत्तम अशी समजूत करून एखादी आजी दहा सांगून मोकळी होते. ‘शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही’ हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी समजावावं, भूल उतरताना नव्हे. ‘आता आठ आणे फरक आहे’ असं कोणी म्हणालं तर ते उताराचं माप झालं, तीव्रतेचं नव्हे. त्याचा ५ करून तक्त्यात टाकू नये.

आपल्याकडे अशी चाचणी करायची तर संख्येपासून सुरुवात करावी. प्रबंधांत ३० विरुद्ध ३० हा जणू रिवाज झालाय. गुणांचं प्रमाण विचलन (रुग्णागणिक गुण किती विखुरतात ते) २.५ धरलं, तर ८० टक्के ताकदीने, म्हणजे खरा फरक दहातून आठ वेळा सापडेल अशा बेताने, एवढ्या संख्येत सुमारे १.८ गुणांचा फरकच पकडता येतो. १ गुण पकडायला प्रत्येक गटात ९८ लागतात, गळती धरून ११०. लहान चाचण्यांच्या ढिगाचं काय होतं ते प्रीगॅबालिन-गॅबापेंटिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधांनी दाखवलंय. २०२० मध्ये २८१ चाचण्या एकत्र केल्यावर २४ तासांनंतरचा फरक १०० पैकी ७ निघाला, आणि चक्कर मात्र वाढली. तरी ऑपरेशनच्या आदल्या रात्रीची प्रीगॅबालिनची ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल अजून लिहिली जाते.

दोन्ही गटांना पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी (५० किलोच्या आत वजन असेल तर किलोला १५ मिलिग्रॅम) आणि चालत असेल तर इबुप्रोफेन द्यावं. नवं औषध त्यावर चढवून बघावं. पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंद हवी, १५ जून २००९ पासून ती सक्तीची आहे. त्या नोंदीत मुख्य निष्कर्ष म्हणून नुसतं ‘वेदना’ लिहू नये. ‘शस्त्रक्रियेनंतर २४ तासांनी, खोकताना, शून्य ते दहा मापावरचा गुण’ असं लिहावं, आणि जादा गोळीनंतरचा गुण कसा धरणार तेही तिथेच.