व्हँकूवरला कोण कधी आलं, ते तिथल्या ताटांत दिसतं

व्हँकूवरला आमच्याकडे देशातून पाहुणे आले की सुरुवातीचे दिवस स्टॅन्ली पार्क, डोंगर आणि समुद्र यांतच जातात. ते उरकलं की मी त्यांना बसचा पास काढून देते आणि जेवायला बाहेर काढते. शहर खरं कळतं ते इथे. एकाच बसमधून जाताना खिडकीतून फिलिपिनो, व्हिएतनामी, चिनी, पंजाबी, इथिओपियन अशा पाट्या सरकत जातात, आणि पाहुणे विचारतात, ‘हे सगळे एवढ्या लांब इथे कसे आले?’ या प्रश्नाच्या मागे लागून मी बरंच वाचलं, बरंच खाल्लं. आता माझं ठाम मत झालं आहे की या शहरात काय शिजतं हे आचाऱ्यांच्या आधी कायद्याने ठरवलं. कोणासाठी दार कधी उघडलं आणि कोणाच्या तोंडावर कधी बंद झालं, हे इथल्या मेन्यूकार्डांवरून वाचता येतं.

चायनाटाऊनपासूनच बघा. कॅनडाला पूर्व-पश्चिम जोडणारी रेल्वे बांधायला हजारो चिनी मजूर आणले. 1885 साली ते काम संपत आलं आणि त्याच वर्षी चिनी माणसाला देशात शिरायला 50 डॉलर डोईपट्टी लागली. 1903 पर्यंत ती 500 डॉलर झाली. एवढ्या पैशात बायकामुलांना कोण आणणार? 1923 मध्ये तर दारच बंद केलं, ते 1947 पर्यंत. त्या काळात देशात येऊ दिलेले चिनी लोक 50 सुद्धा नव्हते. चायनाटाऊनमध्ये उरले ते एकटे पुरुष, आठ-दहा जणांत एक खोली घेऊन राहणारे. मतदानाचा हक्क नव्हता, आणि मतदार यादीत नाव नसेल तर वकिली किंवा औषधशास्त्राचा व्यवसाय करता येत नसे. मग लाँड्री, भाजीचं दुकान आणि खाणावळ एवढेच रस्ते राहिले. म्हणजे चिनी माणूस हॉटेलच काढतो असं जे आपण सहज म्हणतो, त्यामागे हौस किती आणि नाइलाज किती, हे एकदा तपासून पाहायला हवं.

नंतरची लाट अगदी वेगळी होती. 1997 मध्ये हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाणार हे 1984 च्या करारात ठरलं, आणि तिथली पैसेवाली, शिकलेली कुटुंबं इकडे येऊ लागली. ती जुन्या चायनाटाऊनमध्ये न जाता विमानतळाजवळच्या रिचमंडमध्ये स्थिरावली. येताना त्यांनी आपले आचारी आणले आणि आपली जीभही आणली. त्या गिऱ्हाइकाला दुय्यम काही चालत नाही. आज रिचमंडच्या लोकसंख्येत निम्म्याहून जास्त लोक चिनी वंशाचे आहेत आणि तिथलं कँटोनीज जेवण या खंडातलं सर्वोत्तम आहे असं म्हणणारे खूप भेटतात. मीही त्यांच्यातलीच.

रविवारी सकाळी तिथे डिम सम खायला जायचं. आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खं घर गोल टेबलाभोवती बसलेलं असतं आणि आवाज लग्नाच्या पंगतीएवढा. आधी चहा येतो, मोगऱ्याचा किंवा काळपट पू-एर. कोणी आपल्या कपात चहा ओतला की बोलणं न थांबवता दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवायची, तेच आभार. किटली रिकामी झाली की झाकण थोडं सरकवून ठेवायचं, वाढपी आपोआप भरून आणतो. मग बांबूच्या टोपल्या येऊ लागतात: पातळ, आरपार दिसणाऱ्या पारीत कोळंबी भरलेले हार गाव, डुकराच्या मांसाचे शिउ माय, तांदळाच्या मऊ, पातळ पापुद्र्यांत सारण गुंडाळलेले चेउंग फन. माझ्या आईला सगळ्यांत आवडला तो मुळ्याचा केक. पांढरा मुळा किसून तांदळाच्या पिठात कालवायचा, थापून वाफवायचा, गार झाला की वड्या कापून तव्यावर खरपूस करायच्या. कोथिंबीर वडीचीच रीत. फक्त त्यात बहुधा सुकी कोळंबी किंवा सॉसेज असतं, म्हणून शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं. त्यांच्यासाठी बौद्ध शाकाहारी चिनी हॉटेलं आहेत. तिथे टोफू, मशरूम, कमळाचे देठ यांचं असं काही करतात की मासे खाणारे आम्ही कोकणातले लोकसुद्धा मुद्दाम जातो.

आपल्या लोकांची गोष्ट याहून कडवट आहे. 1908 मध्ये कॅनडाने नियम केला की मायदेशातून कुठेही न थांबता थेट प्रवास करून येईल त्यालाच प्रवेश. भारतातून तशी थेट बोटच नव्हती. 1914 च्या मे महिन्यात कोमागाता मारू ही बोट 376 प्रवासी घेऊन इथल्या बंदरात आली. बहुतेक शीख, काही मुसलमान, काही हिंदू. मोजके सोडले तर कोणालाही उतरू दिलं नाही. दोन महिने ती बोट किनाऱ्यासमोर उभी होती, वर अन्न-पाण्याची टंचाई. इथल्या शिखांनी पैसे उभे केले, खटला लढवला, पण जुलैत बोट परत पाठवली गेली. कोल हार्बरला तिचं स्मारक आहे. मी पाहुण्यांना आधी तिथे नेते आणि नंतर रॉस स्ट्रीटच्या गुरुद्वाऱ्यात. खालसा दिवाण सोसायटी 1906 ची, म्हणजे त्या बोटीच्याही आधीची; आत्ताची इमारत आर्थर एरिक्सन या मोठ्या कॅनेडियन वास्तुरचनाकाराने आखलेली. लंगरमध्ये डाळ, रोटी, भाजी, खीर. कोणीही यावं, डोकं झाकावं, मांडी घालून बसावं. किनाऱ्यावर ज्यांच्या माणसांना उपाशी ठेवलं, ते आज शहरातल्या कोणालाही पोटभर जेवू घालतात. मला या शहरात सगळ्यांत जास्त अभिमान वाटतो तो त्या पंगतीत.

जवळच मेन स्ट्रीट आणि 49 व्या ॲव्हेन्यूच्या नाक्यावर पंजाबी मार्केट आहे. 1970 पासून तिथे साड्या, सोनं, मिठाई, समोसे यांची दुकानं उभी राहिली. नंतर घरं महागली, मंडळी सरे भागात गेली आणि गर्दीही त्यांच्यामागून गेली. दुसरीकडे 1994 मध्ये विक्रम विज यांनी शहरात एक छोटं हॉटेल काढलं. फेन्युग्रीक क्रीम, म्हणजे आपल्या मेथीच्या घट्ट रश्शातल्या मटणाच्या चांपा हा त्यांचा नावाजलेला पदार्थ. टेबल राखून ठेवायची पद्धत तिथे नव्हती. रांगेत थांबलेल्यांना चहा आणि खाणं मिळायचं. भारतीय जेवण म्हणजे स्वस्तातला बुफे, ही समजूत त्यांनी मोडली.

जपानी जेवण इथे पावलापावलावर आहे. ऑफिसातली माणसं दुपारी सुशी खातात. पण जपानी वस्ती मात्र शोधून सापडत नाही. पॉवेल स्ट्रीटवर ती होती. 1942 मध्ये किनाऱ्यावरच्या सुमारे 22,000 जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांतले बहुतेक इथलेच नागरिक होते, उचलून आतल्या भागात छावण्यांत पाठवलं. त्यांची घरं, दुकानं, मासेमारीच्या होड्या सरकारने विकून टाकल्या. 1949 पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परतायची मुभा नव्हती आणि परतायला घर तरी कुठे उरलं होतं? आजची सुशी ही बरीचशी नंतर आलेल्या माणसांची. त्यांतले हिदेकाझु तोजो 1971 मध्ये आले. भात बाहेर आणि नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा पापुद्रा, आत असा सुशीचा उलटा रोल आपण सुरू केला असं ते सांगतात. त्यावर इतरांचेही दावे आहेत. सामन माशाची भाजलेली साल घातलेला बीसी (ब्रिटिश कोलंबिया, म्हणजे आमचा प्रांत) रोल मात्र नक्की खाऊन बघा. ऑगस्टच्या सुरुवातीला पॉवेल स्ट्रीटवर 1977 पासून जपानी महोत्सव भरतो. तेवढ्यापुरती ती गल्ली पुन्हा त्यांची होते.

आणखी एक गल्ली अशीच गेली. चायनाटाऊनला लागून होगन्स ॲली ही कृष्णवर्णीयांची वस्ती होती. तिथल्या व्हाइज चिकन अँड स्टेक हाऊसमध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची आजी नोरा स्वयंपाक करायची. उड्डाणपुलांसाठी 1970 च्या आसपास ती वस्ती पाडली गेली. चिनी, पंजाबी, इराणी जेवणासाठी मी डोळे मिटून गल्ली सांगू शकते. कृष्णवर्णीय कॅनेडियन जेवणासाठी मात्र तशी एकही गल्ली उरलेली नाही.

किंग्जवे रस्त्यावरचा फो, म्हणजे व्हिएतनामी नूडल्सचं गरम सूप, हा 1979-80 मध्ये होड्यांतून जीव वाचवून निघालेल्या व्हिएतनामी निर्वासितांमुळे आला. त्या वेळी कॅनडाने 60,000 जणांना घेतलं. नॉर्थ व्हँकूवरच्या लॉन्सडेल भागातले कबाब आणि तळाशी खरपूस झालेला भात 1979 च्या इराणी क्रांतीनंतर आला. पावसाळी संध्याकाळी फोच्या वाटीला तोड नाही. पाऊस तर इथे ऑक्टोबर ते मार्च असतोच.

मग मराठी जेवण कुठे आहे? आपण बहुतेक जण 1967 मध्ये गुणांवर आधारलेली स्थलांतराची पद्धत आल्यानंतर, पदवी आणि नोकरीच्या बळावर आलो. खाणावळ काढायची वेळ आपल्यावर आली नाही. त्यामुळे आपलं जेवण घराघरांत राहिलं: गणपतीतले मोदक, कोणाकडे तरी ठरलेली मिसळ, डबा पार्टीतली भरली वांगी. मासे म्हणाल तर आमची चैन आहे. स्टीव्हस्टनच्या धक्क्यावर होडीतूनच मासा विकत मिळतो. मे महिन्यात स्पॉट प्रॉन येतात, गोडसर चवीची टपोरी कोळंबी. पूर्वी ही जवळजवळ सगळी जपानला जायची. 2007 पासून शेफ मंडळींनी तिचा उत्सव सुरू केला आणि गावाने ती खायला घेतली. मी तिला फक्त हळद, मीठ, लसूण आणि शेवटी दोन कोकमं लावते. रत्नागिरीची माझी आत्या इथे आली होती तेव्हा ती म्हणाली, ‘हिला वाटण लावू नकोस गं, आहे ती चव राहू दे.’

आणि ज्यांची ही जमीन, त्या मस्क्वीयम, स्क्वामिश, त्स्लेल-वाऊटुथ लोकांचं जेवण? ते सगळ्यांत दुर्मीळ. 1885 ते 1951 या किनाऱ्यावर पॉटलॅच कायद्याने बंद होतं. पॉटलॅच म्हणजे मूळनिवासींची मोठी पंगत. नाव ठेवणं, लग्न, श्राद्ध, सगळं त्या पंगतीत होई आणि यजमान हातचं राखून न ठेवता देई. ती घातली म्हणून लोकांना तुरुंगात टाकलं. मुलं निवासी शाळांत ओढून नेली, म्हणजे घरच्या चुलीपाशी शिकणंही तुटलं. वेस्ट ब्रॉडवेवर 2010 मध्ये सामन अँड बॅनक हे मूळनिवासी जेवणाचं हॉटेल सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या इनेझ कुक नुहाल्क समाजाच्या आहेत. अगदी लहानपणीच त्यांना स्वतःच्या घरापासून तोडून गोऱ्या कुटुंबात वाढवलं गेलं होतं. तिथे बॅनक ही जाड, मऊ रोटी मिळते, सामन आणि बायसनचं (तिकडच्या गव्यासारख्या जनावराचं) मांस मिळतं, आणि वाढणारी माणसंही मूळनिवासी असतात.

तुम्ही आलात तर पहिलं जेवण मी तिथे ठरवेन. व्हँकूवरच्या हॉटेलांत जेवणाच्या बिलावर 5 टक्के कर आणि वर टिप लागते; कार्डाचं मशीन 18-20 टक्के टिप सुचवतं, तेवढं धरून चला. आणि कधी येणार ते आधी कळवा, जागा लहान आहे, टेबल आधी सांगून ठेवावं लागतं.