बारीक टोकाचं पेन

दुपारी फोनवर पलीकडच्याने लांबण लावली होती. हाताशी बारीक टोकाचं पेन, समोर कप. ऐकता ऐकता कप काढायला घेतला. त्या माणसाला काय हवं होतं ते आता आठवत नाही. कपाच्या पोटावरची सावली मात्र मनासारखी उतरली.

या पेनाला फिकट असं काही ठाऊकच नाही. रेघ आहे, नाहीतर नाही. करडी छटा रेघांमधल्या अंतरातून काढायची. रेघा जवळजवळ आल्या की सावली दाटते, विरळ झाल्या की उजेड. वरून दुसरा थर घालताना लोक तो काटकोनात घालतात आणि चित्राची मच्छरदाणी होते. थोडासाच तिरका घातला, तर जाळी दिसत नाही, नुसता काळोख दिसतो. रेघ आपल्याकडे ओढावी, ढकलू नये. मनगट पिरगाळण्यापेक्षा कागद फिरवावा. ठिपक्या-ठिपक्यांनी छटा भरणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण तो लांबूनच.

मामा ड्राफ्ट्समन होता. त्याच्याकडे टेक्निकल पेनांचा संच होता. पेन उभं धरायचं, तिरकं केलं की शाई रुसायची. मग तो पेन कानाशी नेऊन हलवायचा. आतल्या तारेचं वजन टिकटिकलं तर ठीक, नाहीतर शाई वाळली, पेन धुवायला काढा. ट्रेसिंग पेपरवर रेघ चुकली तर ब्लेडच्या कोपऱ्याने ती अलगद खरवडायची, नखाने जागा घोटून गुळगुळीत करायची आणि तिथेच नवी रेघ. आम्हा मुलांना बघायची परवानगी होती, श्वास सोडायची नव्हती. पेनांवर रेघेच्या जाडीचे ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर असे विचित्र आकडे का, तेही त्यानेच सांगितलं. प्रत्येक पेन आधीच्यापेक्षा साधारण १.४ पट जाड. ए४चं ड्रॉइंग ए३वर मोठं केलं की रेघाही तेवढ्याच पटीत जाडावतात, मग दुरुस्तीला पुढचं पेन उचलायचं.

आता मी मायक्रॉन नावाचं बारीक टोकाचं पेन वापरतो. पेनावर छापलंय ०१, रेघ ०.२५ मिलिमीटरची, म्हणजे मामाच्या पेनाएवढीच. पण अशा पेनांचं टोक नाजूक; दाबलं की आत जातं. म्हणून 'जरा सहीला पेन द्या' म्हणणाऱ्याला मी खिसे चाचपून दाखवतो. लोक सही करतात की कागदावर सूड उगवतात, कळत नाही. त्यांच्यासाठी एक बॉलपेन वेगळं ठेवलंय. तेही परत येत नाही म्हणा.