जुन्या मारुती ८०० ला घरीच रंग: पैसे कुठे वाचतात आणि कुठे बुडतात

गॅरेजवाला रंगकामाचे जे पैसे सांगतो, त्यात मोठा वाटा घासकामाच्या मजुरीचा असतो. ते घासकाम तुम्ही स्वतः केलंत तर पैसे वाचतात. स्वस्त हार्डनर (रंग किंवा पुट्टी कडक करणारं रसायन), भलताच थिनर, रद्दीतला टेप यांनी वाचत नाहीत, कारण तोच पत्रा मग दुसऱ्यांदा घासायला लागतो.

पंधरा वर्षांच्या पुनर्नोंदणीसाठी गाडी आरटीओत न्यायची वेळ आली की अनेकांना रंग आठवतो. तेव्हा आधी हे: रंगाची नोंद आरसीवर असते. आहे तोच रंग मारणार असाल तर प्रश्न नाही. पांढऱ्याची लाल करायची असेल तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नवी नोंद, आणि विमा कंपनीलाही कळवायचं.

पहिल्यांदा करणाऱ्याने साधा रंगच घ्यावा. मारुतीचा सुपीरियर व्हाइट, कोड २६यू, कुठलाही मिक्सिंगवाला बनवून देतो. सिल्व्हरच्या वाट्याला जाऊ नका. त्यातली धातूची चुरी हात जरा हलला तरी ढगांसारखी दिसते, वर क्लिअर कोटही (पारदर्शक चकाकीचा थर) लागतो.

जुना रंग कुठला आहे हे न बघता वर नवा मारणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दाराच्या आतल्या कडेवर थिनरचा बोळा अर्धा मिनिट दाबून धरा. बोळ्याला रंग आला तर तो एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे ज्याला जुने लोक ड्यूको म्हणतात. रंग सुरकुतला तर कुणीतरी सिंथेटिक इनॅमल मारलेलं आहे. त्यावर पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून मारायचा रंग) किंवा एनसी मारलात तर तो उकळल्यासारखा फुलतो, म्हणून तो पूर्ण काढावा लागतो. काहीच झालं नाही तर कंपनीचा भट्टीतला रंग किंवा पीयू. हा उत्तम पाया.

धुवायचं साध्या भांड्यांच्या साबणाने, आणि घासण्याच्या आधी ग्रीस-वॅक्स रिमूव्हरने पुसायचं. उलट क्रम केलात तर पॉलिशमधलं सिलिकॉन पॉलिश पेपरच्या (घासायच्या कागदाच्या) ओरखड्यांत जाऊन बसतं, आणि रंग मारताना माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. डॅशबोर्डला चकाकी आणणारा स्प्रे त्या दिवसांत गाडीच्या आसपासही नको.

गंज बघायचा तो दारांच्या तळाशी, चाकांच्या कमानीत आणि पावसाचं पाणी साठतं त्या पन्हळीत. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबा. आत गेलं तर तिथे पत्रा कापून वेल्डिंगच. भोकावर पुट्टी लिंपली तर एका पावसाळ्यात फुगा येतो. पत्रा शाबूत असेल तर ८० नंबरच्या पेपरने चकचकीत धातूपर्यंत घासायचं आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. दमट हवेत उघडा पत्रा रात्रभरही ठेवू नका.

पॉलिएस्टर पुट्टीत १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम हार्डनर. पटकन सुकावी म्हणून जास्त घातलात की त्यातलं पेरॉक्साइड वर येतं आणि पांढऱ्या रंगावर पिवळसर डाग उमटतात. थर २-३ मिलिमीटरच्या वर नको. आणि गॅरेजमध्ये सर्रास करतात ते करू नका: पुट्टीवर पाणी मारून घासणं. पुट्टी पाणी शोषते आणि ते पाणी सहा महिन्यांनी फोडांच्या रूपाने परत भेटतं. कोरडंच घासा, लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून, ८०, मग १५०, मग २२०. बोटांनी दाबून घासलं की बोटांच्या खाचा पडतात. त्या आत्ता दिसत नाहीत, चकाकी आल्यावर दिसतात.

पुट्टीवर आणि घासलेल्या भागावर सरफेसरचे (बारीक ओरखडे भरणाऱ्या जाड प्रायमरचे) दोन हात. सुकल्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा मारा आणि ४०० ने घासा. काळं जिथे उरतं तिथे खड्डा, धातू जिथे आधी दिसतो तिथे उंचवटा. शेवटी ८०० चा पेपर पाण्यातून. सरफेसर नीट सुकलेला असेल तर इथे पाणी चालतं.

लाइट, वायपर, हँडल, नंबरप्लेट काढूनच ठेवा. समोरची काच रबरात बसलेली असते. त्या रबराच्या ओठाखाली कपडे वाळवायची पातळ नायलॉन दोरी सरकवत न्या. ओठ पत्र्यापासून उचलला जातो, रंग त्याखाली जातो आणि टेपची रेघ दिसत नाही. लहानसं काम, पण ‘घरी केलंय’ हे याच रेघेवरून ओळखू येतं.

फक्त बाहेरून रंगवायचं असेल तर ८०० एवढ्या गाडीला साधारण दीड लिटर पीयू रंग, त्याच्या प्रमाणात हार्डनर, आणि लिटर-सव्वा लिटर सरफेसर धरा. रंग आणि हार्डनर यांचं प्रमाण डब्यावर असतं, कुठे २:१, कुठे ४:१. मापाच्या कपानेच मोजा, त्याच कंपनीचा हार्डनर आणि थिनर वापरा, आणि गाळूनच स्प्रे गनमध्ये भरा.

कॉम्प्रेसर भाड्याने मिळतो. दोन एचपीचा, ५० लिटर टाकीचा असेल तर एका वेळी एकच पॅनेल. सलग चालवलात तर दाब पडतो आणि रंग फुटक्या थेंबांत येतो. पाणी अडवणारा फिल्टर लावाच, नाहीतर टाकीतलं पाणी थेट रंगात. १.३ किंवा १.४ मिलिमीटरचा नोझल, पत्र्यापासून १५-२० सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याला निम्मा झाकणारा. मनगट न वळवता अख्खा हात सरळ न्यायचा. पहिला हात विरळ, मग १०-१५ मिनिटांच्या अंतराने दोन भरीव हात. आधी टप, मग बाजू.

ओघळ आला तर गन फार जवळ होती किंवा हात रेंगाळला. संत्र्याच्या सालीसारखं झालं तर रंग जाड, दाब कमी किंवा गन लांब. भर उन्हात मारलात तर वरचा थर आधी आवळतो आणि अडकलेलं थिनर टाचणीएवढी भोकं पाडून बाहेर पडतं. पावसाळा नकोच. दिवाळीनंतरचे दिवस घ्या, दव उडाल्यावर दहा ते एक. संध्याकाळी चिलटं पांढऱ्या ओल्या रंगावरच येऊन बसतात. धूळ दाबायला जमिनीवर आधी पाणी शिंपडा.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल, सर्जिकल मास्क याने ते अडत नाही; आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो आणि एकदा जडला की सहसा सुटत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज (रंगाच्या वाफा अडवणारी डबी) आणि त्यावर रंगाचे कण अडवणारा फिल्टर असलेला नवा रेस्पिरेटर, गॉगल, हातमोजे आणि मोकळी जागा हे किमान; व्यावसायिक बाहेरून हवा पुरवणारा मास्क वापरतात. हे जमत नसेल तर एनसी घ्या. त्यात आयसोसायनेट नाही, चुका घासून सुधारता येतात. मात्र तोही ज्वलनशील, मास्क त्यालाही हवाच, आणि चकाकी लवकर उतरते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन्ही नको. उडालेला रंग शेजारच्या गाडीवर बसला तर वाचवलेले पैसे तिच्या पॉलिशला जातील.

आठवडाभर गाडी धुऊ नका. कडक झालेला ओघळ ब्लेडने खरवडून १५०० आणि २००० च्या पेपरने पाण्यातून घासा, मग रबिंग कंपाउंड, पण कडांवर हात हलका ठेवा, तिथे थर सगळ्यात पातळ असतो. वॅक्स महिनाभराने.