तुम्ही विचारलंत म्हणून: शेक घेऊन आल्यावर नातवाला जवळ घेऊ का?

इंदूरच्या आमच्या रेडिओथेरपी विभागात हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच येतो. कुणी थेट विचारतं, कुणी निघताना, चपला घालता घालता. कॅन्सरच्या गाठीवर किरणांचा झोत सोडण्याच्या या उपचाराला इथे सगळे ‘सिकाई’, म्हणजे शेक, म्हणतात, मराठी घरांतही. रामबागेतल्या एक आजी पंधरा दिवस नातवाशी दारापलीकडूनच बोलत होत्या. ताटवाटीही वेगळी ठेवली होती. ते कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

घ्या, खुशाल जवळ घ्या. या मशीनचं रेडिएशन अंगात उरत नाही.

मशीनचं नाव लिनॅक, म्हणजे इलेक्ट्रॉनना सरळ रेषेत पळवणारा प्रवेगक. त्यात शेक देणारा किरणोत्सारी पदार्थ नसतोच. तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन तांब्याच्या नळीत शिरतात. नळीत ओळीने पोकळ्या, आणि त्यांत सेकंदाला सुमारे 300 कोटी आंदोलनं करणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी. झोक्याला धक्का वेळेवर बसला तरच तो उंच जातो ना? इलेक्ट्रॉनही प्रत्येक पोकळीत नेमका पुढे रेटा मिळण्याच्या क्षणी पोचतो. हातभर नळीत त्याचा वेग प्रकाशवेगाच्या 99 टक्क्यांवर जातो. (आपल्या इंदूरच्या ‘कॅट’मध्ये, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-2 नावाचा मोठा प्रवेगक आहे. त्यात इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरत राहतात आणि 250 कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या ऊर्जेपर्यंत पोचतात. आमच्याकडे 60 लाख पुरतात.) मग तो टंगस्टनवर आदळतो आणि त्यातून एक्स-रे निघतात. टंगस्टनच्याच पातळ पट्ट्या पुढेमागे सरकून झोताला गाठीचा आकार देतात.

बटण बंद केलं की लहरी थांबतात आणि एक्स-रेही त्याच क्षणी थांबतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का? उरते ती पेशींच्या डीएनएला झालेली इजा. गाठ त्यानेच मरते, थकवाही त्यामुळेच येतो. पण ती इजा शेजारी बसलेल्याला लागत नाही. आणि शेक म्हणत असलो तरी रोजच्या 2 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) डोसने अंग एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही तापत नाही.

“मग तुम्ही बाहेर का पळता?” हेही रास्तच. झोत चालू असताना थोडं रेडिएशन खोलीत विखुरतं, आणि आम्ही दिवसभर एकामागून एक पेशंट घेतो. झोत थांबला की मात्र लगेच आत येऊन तुम्हाला हाताला धरून उठवतो, ते पाहिलंयत तुम्ही.

शेजारच्या काकूंना थायरॉइडसाठी आयोडीन दिलं होतं आणि लांब राहायला सांगितलं होतं, तेही खरं. तिथे पोटात घेतलेलं औषधच किरणोत्सारी असतं. तो उपचार वेगळा.

आजींच्या समोरच मी त्यांच्या सुनेला फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा झोत नेमका लागावा म्हणून अंगावर काढलेल्या आमच्या शाईच्या खुणा जागच्या जागी होत्या, आणि डाव्या मनगटावर स्केचपेनने काढलेलं हिरवं घड्याळ होतं.